मेस्त्री म्हणतो हात लावू नका, भाचा म्हणतो लगेच बदल

पत्र

दादा, नमस्कार. आमची आय-टेन ऑटोमॅटिक २०११ची आहे, ६८ हजार किलोमीटर झालेत. माझा डावा गुडघा दुखतो म्हणून यजमानांनी मुद्दाम क्लच नसलेली गाडी घेतली होती. ते गेल्यापासून मीच चालवते. म्हापसा, पणजी, आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगावला लेकीकडे. इंजिनाचं ऑइल दरवर्षी बदलतं, गिअरबॉक्सचं मात्र एकदाही बदललेलं नाही. भाचा वेर्ण्याला कंपनीत आहे, तो म्हणतो लगेच बदल, एका वर्कशॉपमध्ये मशीन लावून सगळं धुऊन देतात. आमचा साखळी गावचा मेस्त्री म्हणतो, ‘बाय, चलता तें चलूं दी. आतां हात लायल्यार गिअरबॉक्स गेलो म्हूण समज.’ गाडी चांगली चालते. फक्त सकाळी रिव्हर्स टाकला की क्षणभर थांबते आणि मग झटका देऊन मागे येते. कुणाचं ऐकू?

— एक निवृत्त शिक्षिका, डिचोली

उत्तर

ताई, नमस्कार.

ऑइल बदला. पण या आठवड्यात नको, मशीनने तर नकोच, आणि मेस्त्रीला अडाणी ठरवून मुळीच नको. तो जे सांगतो ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. फक्त त्याचा अर्थ त्याने उलटा लावलाय. मीही एके काळी तसाच लावला होता.

वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक सेकंडहँड ऑटोमॅटिक होती. चोर्ल्याच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांवर, आणि गाडी बैलगाडीच्या चालीने. मी माझ्या मेस्त्रीला म्हटलं, ऑइल बदल. नको नको म्हणत त्याने बदललं. तीन आठवड्यांनी रिव्हर्स गेला तो गेलाच. मी गॅरेजसमोर उभा राहून त्या माणसाला नाही नाही ते बोललो, आणि पुढे कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगत सुटलो की ऑइल बदललं म्हणून माझा गिअरबॉक्स मेला. खरं तर तो मरणपंथाला आधीच लागला होता, मी फक्त शेवटच्या घटकेला डॉक्टर बोलावला. त्या मेस्त्रीने त्यानंतर किती गिऱ्हाइकांना ‘हात लावू नका’ सांगितलं असेल, ते देव जाणे.

ही भीती अशीच तयार होते. आपल्याकडे लोक गिअरबॉक्सचं ऑइल आठवतात तेच मुळी गिअर घसरायला लागल्यावर. मग ऑइल बदललं जातं, गाडी महिन्याभरात बसते, आणि खापर फुटतं मेस्त्रीच्या डोक्यावर. ज्याच्या गाडीचं ऑइल वेळेत बदललं आणि पुढे काहीच झालं नाही, तो माणूस ‘काहीच झालं नाही’ हे सांगायला गॅरेजमध्ये परत येत नाही.

तरी मेस्त्रीच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. गिअरबॉक्सच्या आत क्लचच्या चकत्यांची चळत असते आणि त्यांवर जाड कागदासारखं अस्तर असतं. वर्षानुवर्षं ते झिजून त्याची भुकटी ऑइलमध्ये मिसळते. अस्तर अगदीच संपत आलेलं असेल तर त्या गढूळ ऑइलमधली भुकटीच चकत्यांना थोडीफार पकड देत असते, असं जुने कारागीर म्हणतात. शिवाय नव्या ऑइलमध्ये साफसफाई करणारी रसायनं असतात. ती जुनं किटण सुटं करतात आणि ते किटण नेमकं एखाद्या बारीक वाटेत जाऊन बसू शकतं. पण हे सगळं झिजलेल्या गिअरबॉक्सला लागू आहे. तुमचा झिजलाय की नाही हे अजून कुणी पाहिलेलंच नाही.

इंजिनाच्या ऑइलसारखं गिअरबॉक्सचं ऑइल काळं होत नाही, त्यात जळण्याची काजळी येत नाही, म्हणून ते खराबच होत नाही असं लोकांना वाटतं. पण त्याच्या वाट्याला काम जास्त असतं. तुमच्या गाडीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर आहे. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांची कल्पना करा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो. इथे वाऱ्याऐवजी ऑइल असतं. म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती आधी ऑइलमधून. गिअर बदलणाऱ्या चकत्या दाबून धरतं तेही ऑइलच, दाबाने. त्यावर वंगण द्यायचं, उष्णता बाहेर न्यायची आणि चकत्यांना नेमकी हवी तेवढीच पकड द्यायची. हे शेवटचं काम सगळ्यात नाजूक. त्यासाठी ऑइलमध्ये खास द्रव्यं घालावी लागतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत त्यासाठी चक्क स्पर्म व्हेलचं तेल वापरत! त्या तेलावर बंदी आली तेव्हा तेल कंपन्यांची पर्याय शोधताना चांगलीच धावपळ झाली.

ही द्रव्यं मारते ती उष्णता. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापमानात ऑइल सुखात असतं. त्याच्या वर दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होत जातं, असा ढोबळ हिशेब धरतात. आता तुमचं गाडी चालवणं पाहा. बाजाराच्या दिवशी म्हापशात ब्रेक सोड, ब्रेक दाब. पर्वरीला रांगेत सरकत राहायचं. वर महिन्यातून एकदा चोर्ला, चढताना आणि परत येताना. पंखे नुसते ऑइल घुसळत असतात, आणि त्या घुसळण्याची सगळी उष्णता ऑइलमध्येच जाते. ६८ हजार हा आकडा १४-१५ वर्षांसाठी लहान आहे खरा, पण ते किलोमीटर सोपे नाहीत.

भाचा बहुधा विचारेल की कंपनीच ‘लाइफटाइम ऑइल’ (कधीच बदलावं न लागणारं) म्हणते त्याचं काय. गाडी विकणाऱ्या कंपन्या तसं म्हणतात. पण जर्मनीची झेडएफ ही कंपनी, जी अनेक महागड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवून देते, ती स्वतःच्या गिअरबॉक्सचं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा फार तर आठ वर्षांनी बदला असं सांगते. लाइफटाइम म्हणजे कुणाचा लाइफटाइम, हा प्रश्न उरतोच. तुमच्या गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल तर देखभालीची पानं उघडा. पुष्कळ मॅन्युअलांत दोन तक्ते असतात, एक साध्या वापराचा आणि एक कठीण वापराचा. कठीण म्हणजे काय याची यादी वाचली की लक्षात येतं, ती आपल्याच आयुष्याची यादी आहे: थांबत-थांबत चालवणं, उकाडा, धूळ, डोंगराळ रस्ते.

आता सकाळच्या झटक्याकडे येऊ. मला सगळ्यात आधी हे विचारायचं आहे की या १४-१५ वर्षांत ऑइलची पातळी कुणी पाहिली का? माझा अंदाज, नाही. पातळी कमी असली तर पंप हवा ओढतो, दाब यायला वेळ लागतो, आणि नेमकी तुम्ही सांगता तशी क्षणभराची शांतता आणि मागून झटका येतो. म्हणून बदलायच्या आधी पाहायचं.

हे घरीच करता येतं, फक्त मदतीला कुणीतरी हवं. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून आणा, म्हणजे ऑइल नीट तापेल. सपाट जागी उभी करा, उतारावर नको. इंजिन चालूच ठेवायचं. भाचा आत बसून ब्रेक दाबून धरेल आणि दांडा पी, आर, एन, डी असा प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवून शेवटी एनमध्ये आणेल. हँडब्रेक ओढलेला हवा. तुम्ही बॉनेट उघडून गिअरबॉक्सची डिपस्टिक काढा, इंजिनाची नव्हे. पदर खोचून घ्या, पट्टे फिरत असतात. डिपस्टिक पांढऱ्या सुती कापडाने पुसा, परत पूर्ण आत घाला, काढा. ‘हॉट’ लिहिलेल्या दोन खुणांच्या मध्ये ऑइल असायला हवं. थंड गाडीवर किंवा बंद इंजिनावर पाहिलेली पातळी ह्या गाडीत खोटी निघते, आणि त्या खोट्या पातळीवर विसंबून गॅरेजवाले जास्त ऑइल ओततात. जास्त झालं की ते फेसाळतं, आणि फेस झालेलं ऑइल दाब धरत नाही. होंडाच्या पुष्कळ ऑटोमॅटिकमध्ये मात्र उलटं, तिथे तापवून मग इंजिन बंद करून लगेच पाहायचं असतं. म्हणून दुसऱ्याच्या गाडीची रीत आपल्या गाडीला लावू नये.

मग एक थेंब त्या पांढऱ्या कापडावर पडू द्या आणि पाच मिनिटं थांबा. नवं ऑइल लाल असतं, कोकमाच्या आगळासारखं. तुमचं तपकिरी झालेलं असणार, त्याने घाबरून जायचं कारण नाही. थेंब पसरून गोल, पातळ कडा झाली तर बरं. मधे काळा ठिपका तसाच राहिला आणि पसरलाच नाही, तर घाण बरीच आहे. आता वास घ्या. करपलेल्या वासाला दुसरी उपमा देता येत नाही, एकदा आला की कळतोच. आणि रंग गुलाबी दुधासारखा निघाला तर गाडी हलवूच नका. त्याचा अर्थ आत पाणी किंवा कूलंट गेलंय. साखळीला वाळवंटी नदीचं पाणी बाजारात शिरतं तेव्हा, नाहीतर डिचोलीतच, गाडी कधी पाण्यात उभी राहिली होती का, ते आठवून पाहा. पाण्याने चकत्यांचं अस्तर सुटतं, तिथे ऑइलचा प्रश्न संपतो आणि गिअरबॉक्स उघडण्याचा सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक गंमत करा. गाडी सुरू केल्या केल्या रिव्हर्स टाकू नका. थंड इंजिन जास्त वेगाने फिरत असतं, त्या वेगात गिअर पडला की धक्का बसतोच. अर्धा-एक मिनिट थांबा, काटा खाली येऊ द्या, ब्रेक घट्ट दाबून रिव्हर्स टाका आणि मनात ‘एक, दोन’ म्हणा. ‘एक’ संपायच्या आत गाडीने पकड घेतली तर मला काळजी वाटत नाही. झटका तेवढा उरला, तर इंजिनाचे रबरी माउंटिंग बघायला सांगा. इतक्या वर्षांत रबर दगड होतं आणि त्याचा ठपका उगाच गिअरबॉक्सवर येतो. पण गाडी पूर्ण तापल्यावरही दोन सेकंदांच्या वर लागत असतील, किंवा चढावर इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही असं कधी झालं असेल, तर ऑइल बदलू नका. अशा वेळी ऑटोमॅटिकचंच काम करणाऱ्याकडे जा, कॉम्प्युटर लावून घ्या, आतला दाब मोजायला सांगा. माझ्यासारखं करू नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून ती वेळ आलेली दिसत नाही. पातळी ठीक, वास नाही, पकड वेळेत, असं निघालं तर मेस्त्रीकडे जा आणि मशीनऐवजी साध्या पद्धतीने बदलून घ्या. खालचा बोल्ट काढायचा, उतरेल तेवढं उतरू द्यायचं, मापून तेवढंच नवं भरायचं. अशा गाडीत एकूण सहा लिटरच्या आसपास ऑइल असतं, पण खालून निम्म्याहून कमीच येतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहतं. लोकांना हा दोष वाटतो, मला इथे तो गुण वाटतो. समजा एका वेळी ४० टक्के बदललं. पहिल्यानंतर आत ६० टक्के जुनं उरलं, हजार किलोमीटरने पुन्हा केलं की ३६, तिसऱ्यांदा केलं की २२च्या आत. ताकात थोडं थोडं पाणी वाढवत गेल्यासारखं. गिअरबॉक्सला धक्का नाही, किटण एकदम सुटत नाही, आणि दरवेळी निघालेल्या ऑइलकडे बघून पुढे जायचं की थांबायचं ते ठरवता येतं. हजार किलोमीटर तुम्ही तीन महिन्यांत चालवताच.

मशीन मुळात वाईट नाही. गाडीच्या स्वतःच्या पंपाचा दाब वापरून जुनं काढत नवं भरणारी मशीनं असतात, नियमित बदललेल्या गाडीला ती चालतात. पण कधीच न बदललेल्या गिअरबॉक्सला दाबाने उलटं धुणं, त्यात सफाईचं रसायन घालणं, हे मी माझ्या गाडीला करणार नाही. सील नरम करणाऱ्या बाटल्याही नकोत.

बोल्टला चुंबक असेल किंवा चेंबर उघडला तर आत चुंबक दिसेल. त्यावर काजळासारखा करडा, मऊ लेप असतो. तो चालतो, वयाची झीज आहे. बोटांना टोचणारे चकचकीत तुकडे मिळाले तर तिथेच थांबा. हे मेस्त्रीला दाखवायला सांगा, तो पुसून टाकायच्या आधी. आणि बोल्टचं वायसर नवं घाला. कवच अॅल्युमिनियमचं आहे, जोर लावून आवळलं तर आटे जातात आणि मग ऑइल वाचवायच्या नादात थेंब-थेंब गळती पाठीमागे लागते.

ऑइल कोणतं, यावर वाद घालू नका. तुमच्या गाडीला एसपी-थ्री या प्रकारचं ऑइल लागतं, बाटलीवर ते लिहिलेलं हवं. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं सांगणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून निघा. एसपी-फोर हे पुढचं म्हणून चांगलं असंही नाही, ते सहा गिअरच्या नव्या गाड्यांसाठी पातळ केलेलं आहे. बाटल्या सीलबंद घ्या, अधिकृत स्पेअर्सच्या काउंटरवरून, आणि रिकाम्या बाटल्या परत मागा. मेस्त्रीवर अविश्वास म्हणून नव्हे, किती लिटर गेलं ते मोजायला.

(हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक वाक्य: तुमची ‘गिअरलेस’ गाडी एएमटी (क्लच आणि गिअर यंत्रच हलवतं अशी) असेल तर आत साधा गिअरबॉक्स आणि साधं गिअर ऑइल आहे, आणि सीव्हीटी (गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी) असेल तर तिचं ऑइल वेगळंच असतं, त्यात भलतं ऑइल घातलं तर पट्टा घसरून सगळंच जातं. वरचा सल्ला त्यांना लावू नका.)

निघालेलं ऑइल गॅरेजमध्येच ठेवायला सांगा, ते गोळा करणाऱ्यांकडे जातं. आपल्याकडे वाळवीसाठी म्हणून बाटली भरून घरी आणतात आणि उरलेलं माडाच्या मुळाशी ओततात. विहीर जवळ असेल तर ते ऑइल तुमच्याच घागरीत येतं.

आता मेस्त्रीशी कसं बोलायचं ते. तो नाही म्हणेल. त्याला तंत्राची भीती नाही, उद्या तुम्ही दारात उभ्या राहून काय बोलाल त्याची भीती आहे, आणि माझ्यासारखी गिऱ्हाइकं पाहिल्यावर ती भीती खोटी म्हणता येत नाही. म्हणून पातळी आणि कापड आधी त्याच्यासमोरच बघा. मग सांगा, ‘बाब, मी ठरवलंय, तू फक्त हात लाव. उद्या काय झालं तर तुला बोल लावणार नाही.’ हे भाच्यासमोर सांगा, म्हणजे साक्षीदार राहील. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात मात्र गाडी देऊ नका, त्या दिवसांत मेस्त्रीचं चित्त गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानात असतं.

काम झालं की कागदाच्या चिठ्ठीवर तारीख आणि किलोमीटर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात, मॅन्युअलच्या त्याच पानावर चिकटवा. आणि पहिल्या बदलानंतर लगेच बेळगावला जाऊ नका. आठवडाभर म्हापसा-डिचोली फिरवा, तापलेल्या गाडीवर पातळी परत एकदा पाहा, मग चोर्ला चढा.